बांधलेली नाव आणि चढणारी नदी : दख्खनच्या पुरांतील एका विसरलेल्या जबाबदारीचा इतिहास

१/ पुराचा इतिहास आपण पाण्याच्या पातळीने मोजतो. पाणी किती फूट चढले, किती गावे वेढली गेली, कोणता पूल बुडाला. या थ्रेडमध्ये माप थोडे वेगळे आहे. पूर आला त्या दिवशी गावची नाव कुठे होती? ती कोणत्या अवस्थेत होती? आणि ती कोणाच्या जिम्म्यात होती? या तीन प्रश्नांचा माग काढत कौटिल्यापासून २०१९ च्या कृष्णेपर्यंत जायचे आहे. मजकूर मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी भूगोल. इंग्लंड किंवा हॉलंडसारख्या देशांत कालव्यांतून मालवाहतूक होई. तिथल्या नावा वर्षभर पाण्यातच बांधलेल्या असत, आणि आजही त्यांपैकी कित्येकांत माणसे राहतात. शेजारच्या नदीला पूर आला की बांधलेल्या नावा सांभाळणे हा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. भारतात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आर्थर कॉटनने काढलेल्या कालव्यांतूनही नावा चालल्या. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र तसे घडले नाही. खडकवासल्याहून निघालेला मुठा कालवा शेतीला आणि पुण्याला पाणी देण्यासाठी होता. आपल्याकडे नाव राहिली ती नदीच्या घाटावर.

३/ आणि दख्खनची नदी ही वर्षाकाठी दोन वेगवेगळ्या नद्या असते. उन्हाळ्यात कृष्णा, भीमा, गोदावरी कित्येक ठिकाणी गुडघाभर पाण्यातून ओलांडता येत. बैलगाड्या वाळूतून पार होत. आषाढात त्याच जागी तीस-चाळीस फूट पाणी वाहू लागे. म्हणजे ज्या घाटावर आठ महिने नावेची कोणाला आठवणही नसे, त्याच घाटावर उरलेले चार महिने नावेवाचून पान हलत नसे.

४/ इथे किनारा आणि घाटमाथ्यापलीकडचा देश यांचा क्रम नेमका उलटा आहे. वरळी कोळीवाड्यात पहा. पावसाळा जवळ आला की होड्या वर ओढून घेतल्या जातात, त्या शाकारल्या जातात, जाळी घरात जातात. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला कायद्याने बंदी आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो आणि दर्या पुन्हा खुला मानला जातो. समुद्रावरच्या नावेला पावसाळा ही विश्रांती. नदीवरच्या नावेचा कामाचा हंगाम तिथूनच सुरू होतो.

५/ या उलट्या क्रमाचा परिणाम मोठा आहे. किनाऱ्यावरची होडी रोजच्या वापरातली असते. फट पडली तर ती दुसऱ्या दिवशी ध्यानात येते. नदीकाठची नाव आठ महिने पडून असते. उन्हाने फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, दोर कुजतो, वल्हे कोणीतरी दुसऱ्या कामाला नेतो. हे सारे कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. ते उघडकीस येते पुराच्या पहिल्या दिवशी, माणसे नावेत बसल्यावर.

६/ आपल्या भाषेने या जगाच्या खुणा जपल्या आहेत. नदी पायी ओलांडता येते ती जागा 'उतार'. प्रवाशाला आपण आजही 'उतारू' म्हणतो, मग तो रेल्वेचा असो वा विमानाचा. नावेने पार नेण्याची सोय म्हणजे 'तर'. दोन भोपळे, दोन ओंडके किंवा दोन डोण्या एकमेकांस बांधून केलेला तराफा म्हणजे 'सांगड'. दोन गोष्टींची 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण सभेत, लेखात सहज वापरतो. त्याच्या मुळाशी पूर ओलांडू पाहणारी माणसे आहेत.

७/ साधने अनेक होती. कोरलेल्या खोडाची डोण, फळ्यांची नाव, भोपळ्यांची सांगड आणि बांबूच्या मोठ्या टोपलीला कातडे चढवून केलेली गोल नाव. प्रत्येकीचा आजार निराळा. फळ्यांच्या नावेचे सांधे राळेने आणि तेलाने भरावे लागतात. कातड्याला तेल पाजले नाही तर ते तडकते, ओले ठेवले तर सडते. बांबूला कीड लागते. म्हणजे 'नाव आहे' आणि 'नाव तयार आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. कागदोपत्री बहुधा पहिलेच नोंदवले जाते.

८/ आता प्रत्यक्ष पूर. बांधलेल्या नावेचा पहिला शत्रू तिचा स्वतःचाच दोर असतो. दोर आखूड आणि ताठ बांधला असेल तर पाणी चढू लागताच नावेचे एक टोक खाली खेचले जाते, कड पाण्याखाली जाते आणि नाव जागच्या जागी बुडते. दोर फार सैल असेल तर नाव प्रवाहात शिरून काठावर आपटते. म्हणून पाण्याबरोबर दोरही सोडत जावा लागतो. पाणी उतरताना तीच दक्षता उलट्या दिशेने. काठावर चढलेली नाव वेळीच पात्रात आणली नाही, तर पूर ओसरल्यावर ती शेतात कलंडून पडलेली दिसते.

९/ दुसरा शत्रू म्हणजे पुराबरोबर वाहत येणारी झाडे. एखादे मुळासकट उपटलेले बाभळीचे झाड दोराला अडकले की त्यावर गवत, ओंडके, मेलेली जनावरे साचतात. मग दोराला नावेचा नव्हे, तर त्या साऱ्या ढिगाचा ताण सोसावा लागतो. तिसरा शत्रू खुद्द पाऊस. उघड्या नावेत रात्रभर पडलेले पाणी उपसले नाही तर ती आतूनच भरते. चौथा शत्रू काठ. पुराने खालून पोखरलेली दरड कोसळते, आणि तिच्यावर रोवलेली मेखही तिच्यासह जाते.

१०/ म्हणून जाणता नावाडी नाव मुख्य धारेपासून दूर, वळणाच्या आतल्या अंगाला, संथ पाण्यात नेतो. एका मेखेवर विसंबत नाही. उंचावरच्या जुन्या झाडाला दुसरा दोर घेतो. आणि रात्री कोणीतरी जागे राहते. या शेवटच्या वाक्यात साऱ्या विषयाचे मर्म आहे. पुरात नाव वाचते ती जागणाऱ्या माणसामुळे. मग ऐतिहासिक प्रश्न असा उभा राहतो : त्या माणसाला रात्रभर जागण्यास कोण बांधून घेत होते, आणि त्याचा मोबदला कोण देत होते?

११/ कृष्णाकाठी या जागरणाला आणखी एक कारण आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगली मात्र पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. तिथे त्याच्या दशांशाच्या आसपास. कराडला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा. त्यामुळे आपल्या शिवारात ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते. आभाळाकडे पाहून नाव सांभाळणारा इथे फसतो. वरच्या गावाकडून येणारा निरोप त्याच्यासाठी आभाळाहून महत्त्वाचा.

१२/ आता प्राचीन पुरावा. म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आलेले कौटिलीय 'अर्थशास्त्र' १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९६० च्या दशकात प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथात 'नावध्यक्ष' नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही ज्यांचे पाणी आटत नाही अशा मोठ्या नद्यांवर मोठ्या नावा ठेवाव्यात, आणि केवळ पावसाळ्यात वाहणाऱ्या लहान नद्यांवर लहान नावा ठेवाव्यात, असे तिथे सांगितले आहे. आपण वर पाहिलेला ऋतूंचा भेद त्या ग्रंथकाराला पुरता ठाऊक होता.

१३/ मोठ्या नावेवर कोण असावे याचीही यादी आहे. शासक म्हणजे नावेचा प्रमुख. नियामक म्हणजे दिशा सांभाळणारा. रश्मिग्राहक म्हणजे दोर धरणारा. दात्रग्राहक म्हणजे विळा बाळगणारा. अडकलेला दोर प्रसंगी तोडता यावा, असा त्याचा उपयोग सहज समजतो. आणि उत्सेचक म्हणजे पाणी उपसणारा. दोर, विळा आणि उपसा. वरच्या तीन नोंदींत जे धोके आले, त्यांतील बहुतेकांसाठी इथे एकेक माणूस नेमलेला आहे.

१४/ परंतु सर्वांत लक्षणीय नियम नुकसानभरपाईचा आहे. पुरेशी माणसे नसल्यामुळे, साधने नसल्यामुळे किंवा नाव दुरुस्त न ठेवल्यामुळे ती बुडाली, तर जे गेले अथवा खराब झाले ते नावध्यक्षाने भरून द्यावे. हे पुन्हा एकदा वाचा. नदीला पूर होता, ही सबब इथे चालत नाही. नाव न सांभाळणे हे अपघाताचे कारण मानले आहे, आणि त्या कारणाला एक नाव, एक पद, एक खिसा जोडलेला आहे.

१५/ याच ग्रंथात दैवी आपत्तींच्या प्रकरणात पुराचा विचार येतो. नदीकाठच्या ग्रामस्थांनी पावसाळ्यात पुराच्या रेषेपासून दूर राहावे. लाकडे, वेळू आणि नावा जवळ बाळगाव्यात. वाहून जाणाऱ्याला भोपळे, कातडी पिशव्या, तराफे, ओंडके जे हाती येईल त्याच्या साह्याने तारावे. जो मदतीला धावणार नाही त्याला १२ पण दंड. यातून सूट फक्त ज्याच्यापाशी तरण्याचे साधनच नाही त्याला. म्हणजे ज्याच्याकडे नाव, त्याच्याकडे कर्तव्य.

१६/ इथे अभ्यासकाने थोडे थांबायला हवे. 'अर्थशास्त्र' हा आदर्श राज्यव्यवहाराचा ग्रंथ आहे. 'असे करावे' म्हणजे 'असे होत होते' नव्हे. एखाद्या नदीवर एखाद्या नावध्यक्षाने खरोखर भरपाई दिली का, हे त्या ओळींवरून सिद्ध होत नाही. मात्र नियम हा बहुधा अनुभवाच्या ठेचेतून जन्मतो. दुरुस्तीविना पडून राहिलेल्या नावा बुडत होत्या, माणसे काठावर उभी राहून पाहत होती, म्हणूनच दंड लिहावा लागला, इतके अनुमान रास्त ठरते.

१७/ मराठेशाहीत येऊ. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ग्रंथात, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे पावसाळ्यातील आरमाराच्या छावणीचा विचार आढळतो. पर्जन्यकाळ लागण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस आधीच जहाजे सुरक्षित बंदरी आणावीत, उघड्यावर ठेवू नयेत, त्यांवर पहारा असावा. आणि दरवर्षी एकाच बंदरी छावणी करू नये. कारण आरमाराची माणसे एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे राहिली तर तिथल्या रयतेला उपद्रव होतो.

१८/ यातील 'आठ-पंधरा दिवस आधी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वादळ दिसल्यावर धावपळ करणे म्हणजे व्यवस्था नव्हे, हे अमात्यांना उमगले होते. याच प्रकरणात लाकडाविषयीची सुप्रसिद्ध आज्ञा आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती बळाने तोडू नयेत. एखादे जीर्ण झाड घ्यायचे तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. नावेची देखभाल आणि नावेच्या लाकडामागचा माणूस, दोन्ही एकाच दृष्टीत आले आहेत.

१९/ बांधलेली जहाजे किती असहाय असतात याचा धडा १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाने दिला. ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या मोहिमेत तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने एकत्र बांधलेले होते. पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या 'रिस्टोरेशन' या जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि ती एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत गेली. इंग्रजांच्या त्या चढाईला पेशव्यांची साथ होती, हे शल्य वेगळेच. इथे पूर नव्हता, पण तत्त्व तेच. जवळजवळ बांधलेल्या नावांचे भवितव्य एकच होऊन बसते.

२०/ नद्यांनी मराठ्यांच्या युद्धाचे पंचांगही ठरवले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, मोहिमेवर निघायचे. या प्रथेमागे धर्म होता, तसा भूगोलही होता. आश्विनापर्यंत नद्या उतरतात, उतार मोकळे होतात, घोड्यांना चारा मिळतो. घोडदळाच्या सैन्याला नावा लागत नाहीत, त्याला उतार लागतात. पावसाळ्यात नदी ही सर्वांनाच सारखी अडवते, असा या पंचांगामागचा विश्वास होता. १८०३ मध्ये तो विश्वास ढासळला.

२१/ आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०० मध्ये धोंडिया वाघाच्या पाठलागावर होता. तुंगभद्रा, वरदा, मलप्रभा अशा भरलेल्या नद्यांनी त्याला पुरते हैराण केले. त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र विलक्षण होता. मराठ्यांशी युद्ध करायचे तर नद्यांना उतार नसतो तोच काळ, म्हणजे भर पावसाळा, इंग्रजांना सर्वांत सोयीचा. कारण चपळ घोडदळ नदीकाठी अडकून पडेल आणि ज्याच्याजवळ नावा असतील तो पार जाईल. अर्थात एका अटीवर : नावा आधीच तयार हव्यात.

२२/ १८०३ मध्ये बाजीराव दुसऱ्याला गादीवर बसवण्यासाठी तो पुण्यास आला, तेव्हा म्हैसूरकडून येणाऱ्या रसदेच्या मार्गावरील नद्यांवर टोपलीच्या नावांची तजवीज त्याने पावसाळ्यापूर्वीच सुरू केली होती. पत्रव्यवहारात नावेचा व्यास, खोली, कातडे यांचा काथ्याकूट आढळतो. मुंबईहून मागवलेले पुलाचे तराफे पावसाने आणि रस्त्यांनी वेळेवर पोहोचू दिले नाहीत. तरीही ८ ऑगस्टला अहमदनगरची पेठ आणि १२ ऑगस्टला किल्ला पडला. त्यानंतर सैनिकांनी जंगलातील वेत-फांद्या विणून, त्यांवर बैलांची कातडी चढवून नावा केल्या आणि ऑगस्ट सरण्यापूर्वी भरलेली गोदावरी ओलांडली.

२३/ २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. दसऱ्याची वाट पाहणाऱ्या पंचांगावर ऑगस्टमध्येच मात झाली होती. या विजयाची अनेक कारणे सांगितली जातात : कवायती फौज, तोफा, फंदफितुरी. त्या यादीत कातड्याच्या नावांनाही एक ओळ द्यायला हवी. त्यांत कोणतेही गूढ तंत्रज्ञान नव्हते. बांबू आपला, कातडे आपले, विणकरही आपलेच. फरक होता तो हंगामापूर्वी केलेल्या तयारीचा.

२४/ इंग्रजी अमलात नावेचे घाट कायद्याच्या चौकटीत आले. मुंबई इलाख्यासाठी १८६८ चा तरींविषयीचा कायदा झाला. सार्वजनिक तर, तिचे दर आणि तिचा मक्ता असा व्यवहार रूढ झाला. जिल्हा गॅझेटिअरांत कृष्णा-भीमेवरील नावांच्या घाटांचे उल्लेख येतात. त्यांतील बरेच घाट पावसाळ्यापुरतेच चालत. मक्त्याच्या पद्धतीत एक मेख होती. मक्तेदाराचे उत्पन्न भाड्यावर अवलंबून, म्हणून नाव तयार ठेवण्यात त्याचा स्वार्थ होता. पण त्याच स्वार्थापायी नावेत जास्तीत जास्त उतारू कोंबण्याचा मोहही होता.

२५/ मग पूल आले. मुंबईत माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये १८४५ मध्ये कॉजवे खुला होईपर्यंत खाडी नावेनेच पार करावी लागे. सांगलीत कृष्णेवर १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला. पुलाने रोजची जोखीम संपवली, हे मोठेच काम. पण पूल झाला की घाटावरची नाव निरुपयोगी होते. मक्ता संपतो, नावाड्याचा मुलगा दुसरा धंदा धरतो, कोणत्या वळणावर संथ पाणी मिळते हे ज्ञान एका पिढीत पुसले जाते. आणि गिरणगावच्या इतिहासाशी याचा धागा जुळतो. वरळीच्या बीडीडी चाळींत, परळ-लालबागच्या खोल्यांत आलेल्या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या माणसांत नदीकाठची घरेही होतीच.

२६/ पूल ठरावीक पातळीपर्यंतच पूल असतो. त्यावर पाणी गेले की पुन्हा नाव हवी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २००५ मध्ये पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही पुढे. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद राहिला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. लष्कर, नौदलही मदतीस आले. पण रस्ते बुडाल्यावर पहिली नाव नेहमी गावातलीच असते.

२७/ ८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ, येरळा आणि कृष्णा यांच्या संगमावरील गाव. वेढलेल्या ग्रामस्थांना घेऊन निघालेली स्थानिक बोट उलटली. तीत सुमारे तीस माणसे होती, क्षमतेहून अधिक. १७ जणांचा मृत्यू झाला, त्यांत स्त्रिया आणि लहान मुले होती. ती माणसे घरात अडकून बुडाली नाहीत, सुटकेच्या वाटेवर बुडाली. म्हणून ही घटना कृष्णाकाठच्या मनात पुराच्या आकड्यांपेक्षा खोल रुतून बसली आहे.

२८/ एका बोटीचे खापर एका माणसावर फोडणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. घरात पाणी शिरत असताना काठावरच्या माणसाला 'तू पुढच्या खेपेला ये' असे सांगणे सोपे नसते, कारण पुढची खेप होईल याची खात्री कोणालाच नसते. ती खात्री एकाच गोष्टीने येते : दुसरी नाव तयार असल्याने. म्हणजे काठावरची चेंगराचेंगरी ही वैशाखात न झालेल्या कामाची आषाढ-श्रावणातली फळे असतात.

२९/ २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुराचा अभ्यास केला. धरणांतील विसर्ग, अलमट्टीची फुग, पूररेषेतील बांधकामे यांवर आजही वाद चालू आहेत. ते वाद महत्त्वाचेच आहेत, परंतु गावच्या पातळीवर सुटणारे नाहीत. बोटीचा प्रश्न मात्र गावच्या आवाक्यातला आहे. लाकडाऐवजी फायबर आले, वल्ह्यांऐवजी इंजिन आले. तरी आठ महिने पडून राहिलेल्या वस्तूचा धर्म बदललेला नाही. टाकीतले इंधन खराब होते, नळी तडकते, जॅकेटांना उंदीर लागतात, दोर तेवढा जुनाच राहतो.

३०/ म्हणून हा थ्रेड वाचून काही करावेसे वाटले तर इतके करा. तुमचे गाव नदीकाठी असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत गेल्यावर ग्रामपंचायतीत चार प्रश्न विचारा. बोट कुठे ठेवली आहे? मागच्या वेळी पाण्यात कधी उतरवली होती? ती चालवता येणारी माणसे किती, आणि त्यांपैकी गावात राहणारी किती? एका खेपेत किती माणसे बसवायची हे बोटीवर ठळक लिहिले आहे का? शक्य असेल तर गावातील जुन्या नावाड्याशी बोला, त्याने सांगितलेली वळणे, झाडे, घाटांची नावे लिहून घ्या. असे टिपण हाही इतिहासाचा दस्तऐवज आहे.

३१/ कौटिल्याने नावध्यक्षाच्या माथी भरपाई मारली. अमात्यांनी पावसाआधीचे आठ-पंधरा दिवस मोजून दिले. वेलस्लीने ऑगस्टमधल्या नदीसाठी आधीच कातडी जमवली. तिन्ही काळ वेगळे, तिन्ही हेतू वेगळे, एकाचा हेतू तर आपल्याला जिंकण्याचाच होता. पण प्रत्येक ठिकाणी कोरड्या दिवसांत नावेकडे पाहणारा कोणीतरी ठरलेला माणूस आहे. आपल्या गावात तो माणूस कोण, हे पुढच्या पावसाआधी ठाऊक असावे. तुमच्या नदीवरील तर, सांगड, जुना घाट यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असेल तर खाली अवश्य लिहा.